वरचं पाणी

आमचं 62 गुंठ्यांचं रान पुण्याच्या दक्षिण अंगाला आहे. ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावं महापालिकेच्या हद्दीत आली, त्यात आमचंही गाव आलं. वडील गेल्यावर आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं, की रान विकायचं नाही आणि बिल्डरच्या हातातही द्यायचं नाही. पार्किंग आणि वर चार मजले अशा दोन इमारती आपणच बांधायच्या. दादा नाशिकला नोकरीत, धाकटा दुकानात अडकलेला. मी नुकतीच बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, म्हणून सगळी फाइल माझ्याकडे आली. मोजणी, झाडं, अग्निशमन, वीज या सगळ्यासाठी हेलपाटे घातले, पण सगळ्यात जास्त वेळ, वाद आणि झोपमोड झाली ती पावसाच्या पाण्यापायी. त्यातलं जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण शहराच्या कडेची किती तरी घरं आज आमच्यासारखीच नकाशे घेऊन बसली आहेत.

आधी 25 सप्टेंबर 2019 ची रात्र सांगायला हवी. त्या रात्री मी पद्मावतीला मावसबहिणीकडे होते. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा दोन-तीन तासांत असा फुगला, की काठच्या वस्त्यांमधल्या लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावं लागलं. अरण्येश्वर परिसरात भिंत कोसळून माणसं गेली. पुणे परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक जीव घेतले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर सुरक्षित होतो. खाली मोटारी एकमेकींवर आपटत वाहत जाण्याचा आवाज अंधारात येत होता, तो अजून कानात आहे. घराच्या भिंतीआड साठलेलं पाणी काय करतं, हे मी तेव्हा पाहिलं. तरी दोन वर्षांनी स्वतःच्या रानाचा नकाशा समोर आला, तेव्हा ते मला लगेच आठवलं नाही, याचं वाईट वाटतं.

2021 च्या उन्हाळ्यात पहिला आराखडा तयार झाला. डिसेंबर 2020 पासून राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली होती, त्यामुळे सगळं तिच्या चौकटीत बसवायचं होतं. भूखंड 500 चौरस मीटरच्या वर असला की पावसाचं पाणी जिरवण्याची किंवा साठवण्याची सोय सक्तीची. भूखंड एक एकराच्या पुढे, म्हणून 10 टक्के मोकळी जागा सोडायची. बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या आत असल्याने पर्यावरण मंजुरीची गरज नव्हती. आम्ही नेमलेल्या सल्लागाराने या सगळ्यापुढे बरोबरची खूण केली. पावसाळी पाण्याचं वेगळं ड्रॉइंग जोडलं. त्यात निळ्या रेघा सगळ्या आवारातून फिरून ईशान्य कोपऱ्यात जमत होत्या आणि तिथून ‘प्रस्तावित रस्त्याच्या पावसाळी गटारास जोडणे’ अशी टीप होती. पश्चिमेचा ओढा 600 मिलिमीटरच्या पाइपात घालून वर पार्किंग दाखवलं होतं. जमिनीवर 1.2 मीटर भराव. जुन्या विहिरीवर फुली आणि शेजारी ‘बुजवणे’. दिसायला सगळं स्वच्छ आणि नीटनेटकं. आम्ही तिघांनी सह्या केल्या.

ऑगस्टमध्ये स्थळपाहणी झाली. आलेले साहेब वयाने तरुण, कनिष्ठ अभियंता होते. भुरभुर पाऊस होता. ड्रॉइंग प्लास्टिकच्या पिशवीत धरून ते आधी ईशान्य कोपऱ्यात गेले. समोर शेजाऱ्यांची बाजरी उभी होती. ते म्हणाले, “ताई, यात दाखवलेलं गटार कुठंय?” रस्ता विकास आराखड्यात होता, जागेवर नव्हता. मग गटार कुठलं असणार? आमच्या दोन इमारतींचं सगळं पाणी आम्ही कागदावरच्या रस्त्यात सोडलं होतं. जागेवर ते शेजाऱ्यांच्या बाजरीत जाणार होतं.

मग ते उलट दिशेला, दक्षिणेच्या बांधापर्यंत चालत गेले आणि टेकडीकडे बघून म्हणाले, “आणि वरचं पाणी कुठून येतं?”

मला उत्तर देता आलं नाही. सल्लागार म्हणाला, की सर्व्हे हद्दीच्या आतच केलाय, बाहेरचं आपल्या अखत्यारीत येत नाही. साहेबांनी वाद घातला नाही. रागावलेही नाहीत. फाइलवर तीन मुद्दे लिहून ती परत पाठवली: पाणी बाहेर पडण्याची प्रत्यक्ष जागा दाखवा, ओढ्याचा प्रवेश आणि निर्गम दाखवा, हद्दीबाहेरच्या लेव्हल, म्हणजे जमिनीच्या उंच-सखलपणाची मापं, घ्या. त्या वेळी आम्हाला ते कागदी अडवणुकीसारखं वाटलं. आज मी म्हणेन, की या सगळ्या वर्षांत आमच्यावर कोणी उपकार केले असतील तर त्या तीन ओळींनी.

त्याच संध्याकाळी मी अप्पांकडे गेले. अप्पा म्हणजे धाकटे चुलते. तेव्हा ऐंशीला टेकले होते, पण सगळं आयुष्य त्याच रानात गेलेलं. त्यांना विचारलं, “अप्पा, पावसाळ्यात आपल्या रानात पाणी कुठनं शिरतं?” त्यांनी जमिनीवर काठीने रेघा ओढल्या. एक पाणी ओढ्याचं, ते नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून येतं आणि उत्तरेला पाणंदीखालच्या मोरीतून जातं. दुसरं पाणी टेकडीचं. ते ओढ्यात जातच नाही, वरच्या रानातून पसरत येतं आणि आमच्या दक्षिणेच्या बांधावर चार जागी उतरतं. “तिथं तुझ्या आज्यानं दगडी सांडवे बांधलेत, गवतात गडप झालेत. बांध कधी फुटला नाही तो त्यानं.”

दुसऱ्या दिवशी विळा घेऊन गेलो. गवत कापल्यावर चारही जागी दगडांच्या उतरत्या पायऱ्या निघाल्या. एकेक हात रुंद, झिजून गुळगुळीत झालेल्या. आमच्या आराखड्यात बरोबर त्यांच्यावरून सलग काँक्रीटची भिंत जात होती. आत 1.2 मीटर भराव, बाहेर वरच्या शेतकऱ्याचं रान. म्हणजे टेकडीच्या पाण्याला आम्ही धरण बांधत होतो. धरण फुटलं असतं तर आमच्याच पार्किंगमध्ये, आणि टिकलं असतं तर वरच्याचं पीक सडवून. त्या पायऱ्यांपाशी उभं राहिल्यावर मला 2019 ची ती रात्र आठवली.

सल्लागार बदलला. आर्किटेक्ट मॅडमनी पाणी आणि ड्रेनेजचंच काम करणाऱ्या एका तरुण इंजिनिअर मुलीचं नाव सुचवलं. तिने पहिल्या भेटीत ड्रॉइंग उघडलंच नाही. सातबारा, गाव नकाशा आणि मोजणीची ‘क’ प्रत मागितली. गाव नकाशावर ओढा दुहेरी रेघेने स्पष्ट होता. सातबाऱ्यावर त्याचं क्षेत्र पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारं, म्हणून लागलेलं होतं. “ओढा कागदावर आहे, आता तो कुणालाच नाही म्हणता येणार नाही,” ती म्हणाली. मग टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावून आमच्या हद्दीबाहेर चारही बाजूंना 50 मीटरपर्यंतच्या लेव्हल घेतल्या आणि दर अर्ध्या मीटर उंचीला एक अशा समपातळी रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढल्या. वरच्या शेतकऱ्याच्या रानात शिरायला त्याची परवानगी हवी होती. ती अप्पांनी एका चहात मिळवली.

त्या रेषा जोडल्यावर जे दिसलं ते कुठल्याही मालकाने एकदा बघावं. आमच्या जागेतून जाणाऱ्या ओढ्याला वरून सुमारे 11 हेक्टरचं पाणी येऊन मिळतं. आमची जागा 0.627 हेक्टर. तिने हिशेब मला समोर बसवून शिकवला. 2019 साली केंद्राने पावसाळी निचऱ्याची जी मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्यातही हीच पद्धत आहे: पावसाची तीव्रता मिलिमीटर प्रतितास, क्षेत्र हेक्टरमध्ये, आणि त्यातलं किती पाणी वाहून येणार त्याचा गुणांक. तिघांचा गुणाकार करायचा आणि 2.78 ने गुणायचं. उत्तर लिटर प्रतिसेकंदात येतं.

पावसाची तीव्रता तिने तासाला 60 मिलिमीटर धरली. दादाने फोनवर विचारलं, एवढी कशाला? तिने मुंबईचं उदाहरण दिलं. तिथली जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने होती. मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती 50 पर्यंत न्यायला सांगितलं, पण 26 जुलै 2005 पर्यंत त्यातलं थोडंच काम झालं होतं. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. पुण्याचा वर्षभराचा पाऊस साधारण 700 ते 750 मिलिमीटर असतो, त्यामुळे आपल्याकडे पाण्याचं भय कमी वाटतं. पण गटार वर्षाच्या बेरजेवर चालत नाही, ते त्या एका तासावर चालतं.

आता आकडे. आमची जागा शेत होती तेव्हा गुणांक 0.3, म्हणजे सेकंदाला 31 लिटर पाणी. इमारती, रस्ता, फरशी झाल्यावर गुणांक 0.65, म्हणजे 68 लिटर. पाणी दुपटीहून जास्त झालं आणि पाऊस मात्र तोच. हे वाढीव 37 लिटर आमचं, आम्ही निर्माण केलेलं. आणि वरून ओढ्याने येणारं? 0.5 गुणांक धरून सेकंदाला 917 लिटर. आमच्यापेक्षा तेरापट. पहिल्या आराखड्यातला 600 मिलिमीटरचा पाइप तिथल्या उतारावर पूर्ण भरून वाहिला तरी सेकंदाला 430 लिटरच्या आसपास नेतो. म्हणजे निम्म्याहून कमी. मी विचारलं, मग 900 चा टाकला तर? ती म्हणाली, “आज चालेल, ताई. पण वर उद्या तुमच्यासारख्याच इमारती होणार. गुणांक 0.7 झाला की ओढ्याला 1,284 लिटर येणार आणि 900 चा पाइप नेतो 1,280. तोही तोंडाशी गादी, थर्माकोल अडकला नाही तर.” तोच ओढा उघडा ठेवला, तळ दीड मीटर, बाजू 45 अंशांत तिरप्या, पाणी मीटरभर, तर दगड आणि गवताचा खडबडीतपणा धरूनसुद्धा साडेतीन हजार लिटर जातात. उघडा असल्याने त्याच्यात काय अडकलंय ते दिसतं आणि काढताही येतं.

नियमही त्याच बाजूचा होता. ओढ्या-नाल्याच्या काठापासून 9 मीटर आणि नदीच्या काठापासून 15 मीटरच्या आत बांधकाम करता येत नाही. नदीला याशिवाय पूररेषा असतात, 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. आमच्या ओढ्याला तशा रेषा आखलेल्या नाहीत, पण 9 मीटर आहेतच. सखल जागेतून जाणाऱ्या आणि स्पष्ट काठ नसलेल्या प्रवाहाला आपल्याच हद्दीत थोडं वळवायची मुभा मिळू शकते. मात्र तो जिथून आत येतो आणि जिथून बाहेर पडतो त्या जागा बदलता येत नाहीत आणि त्याचा छेद, म्हणजे रुंदी-खोली, किती ठेवायचा ते प्राधिकरण ठरवतं. हा एकच नियम माझ्या मनात पक्का बसला. अप्पांनी काठीने काढलेल्या दोन रेघा म्हणजे हाच नियम होता.

घरात मात्र त्यावरून मोठं भांडण झालं. ओढ्याची लांबी 70 मीटर. त्याला 9 मीटर सोडायचे म्हणजे 630 चौरस मीटर, सहा गुंठ्यांच्या वर. दादा म्हणाला, “सहा गुंठे ओढ्याला द्यायचे? त्याची आजची किंमत तरी काढलीस का?” मी काढली होती, आणि ती सांगताना माझाही जीव कासावीस होत होता. धाकट्याचं म्हणणं, सगळे पाइप टाकतात, आपण टाकला तर काय बिघडतं. दोन महिने आमच्यात नीट बोलणं नव्हतं. दिवाळीत दादा आला तेव्हा त्याला घेऊन पाणंदीखालच्या मोरीपाशी गेले. वरच्या अंगाला मोरीच्या दगडांवर पावसाळ्यातल्या पाण्याची गाळाची रेघ होती, माझ्या कमरेच्या वर. दादाने त्या रेघेला हात लावला, बराच वेळ तसाच उभा राहिला आणि म्हणाला, “पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांना आपण काय तोंड दाखवणार?” इमारत पूर्वेला सरकली. मोकळ्या जागेची बाग ओढ्याच्या पट्ट्याला लागून घेतली. एका इमारतीतले चार फ्लॅट कमी झाले. ते नुकसान खरं आहे आणि आम्ही ते सोसलं. ज्यांच्याकडे दहाच गुंठे आहेत आणि मधून ओढा जातो, त्यांनी काय करायचं, याचं उत्तर मला आजही ठाऊक नाही. त्यांना काही मोबदला मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

भराव 1.2 मीटरवरून 45 सेंटिमीटरवर आणला. दक्षिणेच्या भिंतीला अप्पांच्या चार जागांवर चार मोऱ्या ठेवल्या आणि भिंतीच्या आतून एक उघडा पाट काढून तो ओढ्यात उतरवला. आमच्या वाढीव 37 लिटरसाठी पार्किंगखाली टाकं बांधलं. अर्धा तास जोराचा पाऊस धरला तर 66 घनमीटर होतात, म्हणजे 66 हजार लिटर. टाकं उथळ ठेवलं, मीटरभर पाण्याचं, कारण तळ ओढ्याच्या तळापेक्षा वर राहिला तरच ते आपोआप रिकामं होतं. त्याला ओढ्याकडे फक्त 120 मिलिमीटरचं तोंड आहे. टाकं काठोकाठ भरेपर्यंत कितीही जोराचा पाऊस झाला तरी शेतातून पूर्वी जेवढं जायचं तेवढंच पाणी तिथून निघतं, बाकीचं थांबून सावकाश जातं. या टाक्यासाठी कुणी सक्ती केली नव्हती. तो त्या इंजिनिअर मुलीचा हट्ट होता, आणि एव्हाना माझाही झाला होता.

जिरवण्याच्या खड्ड्याचं वेगळंच. पहिल्या सल्लागाराने तो ईशान्य कोपऱ्यात काढला होता, जागा मोकळी म्हणून. मुलीने तिथे चार फूट खोल चाचणी खड्डा घ्यायला लावला. दीड फूट काळी माती, मग मुरूम, साडेतीन फुटांवर काळा पाषाण. दुपारी दोन पिंप पाणी ओतलं. सकाळी जाऊन बघितलं तर जेमतेम वीतभर उतरलं होतं, वर मुंग्या तरंगत होत्या. असा खड्डा पहिल्या पावसात भरला असता आणि दिवाळीपर्यंत डास पोसत राहिला असता, पण कागदावर सक्ती पूर्ण झाली असती. तसाच खड्डा विहिरीपासून पंधरा पावलांवर घेतला. तेवढंच पाणी चहा होईपर्यंत गायब. तिथे खडक भेगाळ होता.

म्हणून ज्या विहिरीवर फुली मारली होती तीच कामाला आली. गच्चीचं पाणी गाळून विहिरीत सोडायला नियमावलीत वाव आहे. आजोबांनी बांधलेली 28 फुटांची दगडी विहीर गाळ उपसून घेतली, वर जाळी बसवली. आधी गाळणीचा हौद: तळाशी निम्म्या उंचीपर्यंत 40 मिलिमीटरची खडी, त्यावर पाचवा हिस्सा 20 मिलिमीटरची, मग पाचवा हिस्सा जाड वाळू, वर बारीक वाळूचा पातळ थर आणि वरचा दहावा हिस्सा रिकामा. कठडा जमिनीपासून किमान 15 सेंटिमीटर वर, म्हणजे आवारातलं गढूळ पाणी आत शिरत नाही. त्या कठड्याचं महत्त्व मला गवंड्याला तीनदा सांगावं लागलं. त्याला तो सपाट केलेला छान दिसत होता.

फेब्रुवारी 2022 मध्ये फाइल पुन्हा दाखल झाली, जूनमध्ये बांधकाम परवानगी मिळाली, डिसेंबरात जोता तपासणी झाली. त्या काळाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. दोन इमारती उभ्या राहायला जो त्रास होतो तो झाला.

मार्च 2024 मध्ये भोगवटा पत्राची तयारी सुरू झाली. सांडपाणी आणि पावसाचं पाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या असल्या पाहिजेत. ठेकेदाराने दोन्ही वेगळ्या असल्याचं लिहून दिलं होतं. इंजिनिअर मुलगी म्हणाली, “लिहून दिलंय ते ठीक. ताई, नीळ आणा.” कपड्याची नीळ. प्रत्येक इमारतीला गच्चीवरून उतरणारे सहा पाइप. मी गच्चीवर बादल्यांमध्ये नीळ कालवायची आणि ती खाली चेंबरची झाकणं उघडून बसायची. पहिल्या पाइपात ओतलं, खालून हाक आली, “आलं!” दुसरं, तिसरं बरोबर आलं. चौथ्यात ओतलं आणि खाली शांतता. आणखी एक बादली. तरी काही नाही. मग ती धावत मागच्या बाजूला गेली आणि तिने संडासाच्या लाइनचं झाकण उघडलं. मी जिना उतरून पोहोचले तेव्हा त्या चेंबरमध्ये निळं पाणी फिरत होतं.

प्लंबरने जवळचं चेंबर बघून पाइप जोडला होता, चार मीटरचा चर वाचवण्यासाठी. एका पाइपाने काय होतं, असं ठेकेदार म्हणाला. काय होतं ते तिने सांगितलं: 100 चौरस मीटर गच्चीचं पाणी संडासाच्या लाइनमध्ये उतरलं की जोराच्या पावसात ती लाइन भरते आणि तळमजल्यावरच्या चेंबरची झाकणं उचलून मैला अंगणात येतो. रस्त्यावर पावसाळ्यात आपण जे उसळणारे चेंबर पाहतो, त्यातले बरेच असल्याच जोडण्यांचे. फरशी फोडून चर खणला, पाइप योग्य चेंबरला नेला, पुन्हा नीळ ओतली. बाराही पाइपांचं निळं पाणी जिथे यायला हवं तिथे आल्यावरच मी ठेकेदाराच्या बिलावर सही केली. माझ्या हाताची नीळ पुढे चार दिवस गेली नाही.

मे महिन्यात भोगवटा पत्र मिळालं, माणसं राहायला आली. मी रहिवाशांच्या पहिल्याच सभेत एक वही ठेवली. पावसाचं पाणी जिरवण्याची सोय बंद पडली तर दर 100 चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला 1,000 रुपयांपर्यंत आकार लावता येतो, हे सांगितलं. पण वही त्यासाठी नव्हती. मेअखेर गच्ची झाडणं, गाळणीची वरची वाळू धुणं, टाक्याचं तोंड बघणं, मोऱ्या आणि ओढा साफ करणं, हे सगळं कधी झालं ते तिच्यात लिहायचं. ओढ्याच्या काठच्या दगडी बांधकामावर पांढऱ्या रंगाने सेंटिमीटरची पट्टी रंगवून घेतली आहे.

25 जुलै 2024 च्या पहाटे फोन वाजायला लागले. रात्रभर पाऊस कोसळत होता. खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली होती. मी सातच्या आत रानात पोहोचले. अप्पा माझ्या आधी आले होते, डोक्यावर इरलं घेतल्यासारखी प्लास्टिकची खोळ, हातात काठी. टेकडीचं पाणी तांबडं होऊन दक्षिणेच्या मोऱ्यांमधून पाटात उड्या घेत होतं. एका मोरीशी वरच्या अंगाला पाणी तुंबायला लागलं होतं. वॉचमन आणि मी फावड्याने तिथला पालापाचोळा ओढून काढला, तसं ते एकदम सुटलं आणि माझे पाय गुडघ्यापर्यंत भिजले. वरचा शेतकरीही बांधावर येऊन उभा होता. त्याच्या रानात पाणी साठलेलं नव्हतं. पार्किंगमध्ये फक्त गाड्यांच्या चाकांचा ओला चिखल होता. अप्पा विहिरीच्या कठड्याला टेकून आत बघत होते. गाळणीतून येणारी धार दगडावर पडल्याचा आवाज येत होता.

“वहीत लिही,” ते म्हणाले.

वहीतलं ते पान असं आहे: गुरुवार, सकाळी 7.10. ओढा 72 सेंमी. टाकं भरलेलं, तोंड चालू. मोरी 1, 2, 4 चालू. मोरी 3 मध्ये पाला, काढला. विहिरीचं पाणी वरून 11 फुटांवर. पाऊस चालू.